बघायला सगळे, हात लावायला एकच: शेडमधला काळ्या पडद्यावरचा प्रोग्राम नेटवर्कवर कसा वाटावा

टर्मिनलवाली (अंबड, नाशिक)

आमच्याकडे अंबडला डाय-मोल्डचं काम चालतं. एक जुनं व्हीएमसी (संगणकाच्या हुकमाने धातू कापणारं मिलिंग मशीन) आहे, त्याच्या कंट्रोलची मेमरी इतकी तुटपुंजी की फिनिशिंगचा मोठा प्रोग्राम तिच्यात मावतच नाही. म्हणून शेजारचा लिनक्स पीसी आरएस-२३२ च्या वायरीवरून ओळीमागून ओळ पाठवत राहतो आणि मशीन तेवढं तेवढं कापत जातं. ड्रिप फीड. मशीनचा बफर भरत आला की ते एक्स-ऑफ पाठवतं, पीसी थांबतो. बफर रिकामा झाला की एक्स-ऑन, पुन्हा सुरू. पाठवणारा प्रोग्राम अगदी साधा आहे, माउसचा पत्ता नाही. वर फाइलचं नाव, मध्ये चालू ओळीचा क्रमांक, खाली मशीनकडून आलेला शेवटचा संदेश.

एकेक कट रात्रभर चालतो. ऑपरेटर शेडमध्ये, प्रोग्रामर इंदिरानगरला घरी आणि ज्यांचा मोल्ड आहे ते भागीदार सिन्नरला. तिघांनाही तीच स्क्रीन बघायची असते. अशी गरज नाशकात बऱ्याच जणांना आहे हे सातपूर-अंबडच्या ओळखीच्यांकडून कळतं, आणि बहुतेक ठिकाणी अख्खा पीसीच दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळे होतात. ते मला पटत नाही. द्यायचा तो प्रोग्राम द्यावा, मशीनची किल्ली कशाला? म्हणून आमची मांडणी इथे सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट नीट कळायला हवी. एसएसएचने (दुरून संगणकात सुरक्षित शिरायची सोय) पीसीत शिरून प्रोग्राम थेट सुरू केला की तो त्या जोडणीच्या आभासी टर्मिनलला, म्हणजे अक्षरांच्या काळ्या पडद्याला, बांधला जातो. घरचं नेट गेलं, लॅपटॉप झाकला, जोडणी तुटली, की पलीकडचा एसएसएच सर्व्हर ते टर्मिनल बंद करतो आणि कर्नल त्यावरच्या प्रोग्रामला हँग-अपचा सिग्नल पाठवतो. फोन ठेवला गेला की मॉडेमवरचं काम आवरायचं, त्या काळातली ही पद्धत. आणि तो सिग्नल न हाताळणारा प्रोग्राम मरतो. आमच्या कामात याचा अर्थ असा: ओळी यायच्या थांबतात, टूल जॉबवर जिथल्या तिथे उभा, स्पिंडल मात्र फिरतोय. फिनिश केलेल्या पृष्ठभागावर तिथे डाग उमटतो, बोट फिरवलं तरी लागतो. तो पॉलिशने घालवायचा म्हणजे माप हलतं.

टीमक्स नावाचा प्रोग्राम नेमकं हेच टाळतो. टीमक्सचा एक सर्व्हर पीसीवर मागे चालू राहतो, प्रोग्रामचं टर्मिनल त्याच्या मालकीचं असतं. आपण बाहेरून येतो ते फक्त त्या सर्व्हरला जोडलेले प्रेक्षक. प्रेक्षक गेला तरी प्रोग्रामला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि एकाच वेळी कितीही जण जोडता येतात, सगळ्यांना तीच स्क्रीन. निकोलस मॅरियट यांनी २००७ मध्ये हे सुरू केलं. त्याच्या आधीपासूनचं ग्नू स्क्रीन १९८७ चं आहे, तेही हे काम करतं. आम्ही टीमक्स का निवडलं ते कोणी विचारलं तर सांगेन.

आता हक्कांचं. ऑपरेटर शेडमधल्या कीबोर्डवरून पूर्ण हक्काने जोडलेला. बाकी सगळे 'अटॅच'ला छोटा आर लावून, म्हणजे फक्त बघायला. पण हे माणसाच्या सद्बुद्धीवर सोडलं तर अर्थ नाही, कारण ज्याला शेल (हवा तो आदेश देता येणारी जागा) मिळाला तो छोटा आर न लावताही जोडू शकतो. म्हणून ज्याची त्याची सार्वजनिक किल्ली पीसीवरच्या ऑथराइज्ड कीज फाइलमध्ये टाकताना त्या ओळीच्या सुरुवातीला लिहायचं: 'रिस्ट्रिक्ट', स्वल्पविराम, 'पीटीवाय', स्वल्पविराम, आणि 'कमांड' बरोबर अवतरणात टीमक्सचा तो बघण्याचा आदेश. रिस्ट्रिक्ट म्हटलं की पोर्ट (नेटवर्कवरचा क्रमांकाचा दरवाजा) पुढे ढकलणं, एजंट, टर्मिनल मागणं, सगळंच बंद होतं. त्यातलं टर्मिनल तेवढं पीटीवायने परत उघडायचं. नाहीतर टीमक्स 'टर्मिनल नाही' म्हणून कुरकुरतं आणि लोक इथेच अडकतात. ही सोय ओपनएसएसएच ७.२ पासून आहे, २०१६ पासूनची. एवढं केलं की सिन्नरचे भागीदार एसएसएच करतात, थेट स्क्रीन दिसते, बाहेर पडले की जोडणी संपते. त्यांना शेल दिसतच नाही.

अजून एक. बघणाऱ्यालाही टीमक्समध्ये एका सेशनवरून (चालू कामाच्या पडद्यावरून) दुसऱ्यावर जाता येतं. त्याच सर्व्हरवर तुमचा हिशेबाचा किंवा कोटेशनचा सेशन उघडा असेल तर तोही दिसेल. म्हणून फीडसाठी टीमक्सचा सर्व्हरच वेगळा ठेवायचा, मोठ्या एलने त्याच्या सॉकेटला (जोडणी होते त्या जागेला) वेगळं नाव देऊन.

कोणाला अडलं तर विचारा.

---

सिन्नरकर

ताई, छान लिहिलंय. पण एक प्रामाणिक शंका. एनीडेस्कसारखं काहीतरी टाकलं की दोन मिनिटांत काम होतं. एवढा खटाटोप कशासाठी?

---

टर्मिनलवाली

दादा, दोन कारणं. एक म्हणजे वजन. त्यात स्क्रीनचं चित्र पाठवलं जातं, इथे अक्षरं. आमच्या शेडमध्ये पत्र्याखाली फोरजीच्या एकदोन काड्या येतात, तरी ओळीचा क्रमांक बदलला की सिन्नरला लगेच दिसतो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डेस्कटॉप दिला की ग्राहकाची ड्रॉइंग्ज, मेल, टॅली सगळंच दिलं. बड्या कंपन्यांची कामं करणाऱ्या आपल्यासारख्या व्हेंडरांना ड्रॉइंग गुप्त ठेवायचं लिहून द्यावं लागतं. मग भागीदाराला फक्त ओळ क्रमांक बघायचा असताना बाकीचं उघडं का ठेवायचं?

जिथे चित्रच बघायचं असेल, कॅममधलं टूलपाथ वगैरे, तिथे अर्थातच स्क्रीन शेअरिंग हवं.

---

नेटवर्क_आबा

लेख आवडला. मी आयुष्यभर दूरसंचार खात्याच्या कामात होतो, आमच्या वेळी हे सगळं टेलनेटवर चालायचं. पोर्ट २३. पासवर्डसकट प्रत्येक अक्षर तारेवरून उघडं जायचं, मध्ये कोणी बसला तर सरळ वाचायचा. १९९५ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, आणि तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. त्याला २२ क्रमांक मिळाला, एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्या मधला. आज सगळीकडे दिसतं ते ओपनएसएसएच १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी आणलं.

हे सांगायचं कारण, कारखान्यांतल्या सिरियल-टू-इथरनेट डब्यांत (मशीनची वायर नेटवर्कला जोडणाऱ्या) आजही टेलनेट उघडं असतं. मी स्वतः बघितलंय. ते डबे बाहेरच्या नेटला लावू नका रे पोरांनो. डबा आतल्या नेटवर्कवर ठेवा, बाहेरून येणारा एसएसएचनेच आत येऊ दे.

---

टर्मिनलवाली

आबा, अगदी खरं. आमची वायर थेट पीसीला यूएसबी कन्व्हर्टरने लावलीय, मध्ये डबा नाही. पण ज्यांच्याकडे आहे त्यांनी आबांचं ऐकावं.

---

पंचवटी_पायथन

मूळ अडचण तर राहिलीच. शेडमधल्या पीसीपर्यंत बाहेरून पोचायचं कसं? माझ्या राउटरला मिळालेला पत्ता १०० ने सुरू होतो. पोर्ट फॉरवर्ड करून बघितलं, काही उपयोग झाला नाही.

---

टर्मिनलवाली

१०० नंतरचा आकडा ६४ ते १२७ मध्ये आहे ना? मग तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. आयपीव्ही४ चे पत्ते पुरत नाहीत म्हणून कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात. १०० ची ही पट्टी त्यासाठीच २०१२ मध्ये राखून ठेवली. तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, त्याच्या बाहेरचा दरवाजा कंपनीच्या ताब्यात आहे.

उपाय उलटा बोगदा. बाहेरून आत येता येत नाही, पण आतून बाहेर जाता येतं. महिन्याच्या भाड्याने एक छोटा सर्व्हर घ्या, सगळ्यात लहान चालतो. शेडमधला पीसी एसएसएचला मोठा आर लावून त्या सर्व्हरला जोडणी करतो आणि सांगतो की तुझ्या २२२२ वर कोणी आलं तर माझ्या २२ कडे पाठव.

इथे लोक एक शॉर्टकट घेतात: गेटवे पोर्ट्स चालू करून २२२२ साऱ्या जगाला उघडतात. तसं करू नका. मूळ सेटिंगमध्ये ते पोर्ट सर्व्हरच्या स्वतःपुरतंच असतं, तसंच राहू द्या. घरून येणारा मोठ्या जेने सर्व्हरवरून उडी मारून येतो. भाड्याच्या सर्व्हरला आतला मजकूर कळत नाही, त्याच्यापुरता तो नुसता वाहतो.

आणि त्या सर्व्हरवरही किल्ल्यांना कुलूप लावा. शेडच्या किल्लीला 'रिस्ट्रिक्ट', 'पोर्ट-फॉरवर्डिंग' आणि 'परमिट-लिसन' २२२२. बघणाऱ्यांच्या किल्लीला 'रिस्ट्रिक्ट', 'पोर्ट-फॉरवर्डिंग' आणि 'परमिट-ओपन' लोकलहोस्ट (म्हणजे तो सर्व्हर स्वतः) २२२२. परमिट-ओपनमध्ये लिहिलेलं नाव आणि उडी मारताना दिलेलं नाव अक्षरशः सारखं लागतं. एकीकडे लोकलहोस्ट आणि दुसरीकडे १२७.०.०.१ असेल तर तो नाकारतो, मग आपण तासभर फायरवॉल शोधत बसतो.

---

पंचवटी_पायथन

पोचलो! पण लाइट गेली आणि आली की बोगदा परत उभा राहत नाही. शिवाय कधी कधी बोगदा 'चालू' दिसतो पण पलीकडे काहीच जात नाही.

---

टर्मिनलवाली

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. लाइटसाठी बोगद्याची सिस्टमडी (लिनक्समध्ये प्रोग्राम आपोआप सुरू ठेवणारी यंत्रणा) सर्व्हिस करा, 'रीस्टार्ट' ऑलवेज. ऑटोएसएसएचही चालतं, मला सिस्टमडी पुरतं.

'चालू दिसतो पण जात नाही' हा रोग फोरजीवर नेहमीचा. मधल्या नॅटने (पत्ते बदलून देणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेने) जोडणी विसरलेली असते आणि दोन्ही टोकांना कळलेलं नसतं. शेडच्या बाजूला 'सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल' ३० आणि 'काउंट मॅक्स' ३ ठेवा, म्हणजे दीड मिनिट उत्तर आलं नाही की तो स्वतःच तोडतो आणि सर्व्हिस नवीन जोडणी करते. पण तेवढ्याने भागत नाही. भाड्याच्या सर्व्हरवर जुनी मेलेली जोडणी २२२२ अडवून बसलेली असते, नव्या जोडणीला ते पोर्ट मिळत नाही आणि ती पोर्टाशिवायच हसत उभी राहते. म्हणून सर्व्हरवर 'क्लायंट अलाइव्ह इंटरव्हल'ही लावा, आणि शेडच्या बाजूला 'एक्झिट ऑन फॉरवर्ड फेल्युअर' यस करा. पोर्ट मिळालं नाही तर जोडणी मरते, सर्व्हिस परत प्रयत्न करते, जुनी सुटली की जमतं.

लाइटबद्दल एवढंच की टीमक्सचा सेशन मेमरीतच असतो. नेट गेलं तर तो वाचवतो, वीज गेली तर नाही. पीसीला यूपीएस पाहिजेच.

---

निफाडचा_द्राक्षवाला

माझं काम वेगळं आहे, पण धागा उपयोगाचा वाटला. पिंपळगावला कोल्ड स्टोरेजमध्ये द्राक्षं ठेवतो. तिथे मुलाने एक छोटा प्रोग्राम लावलाय, खोलीचं तापमान आणि आर्द्रता दर मिनिटाला लिहितो. हंगामात मी बागेत असतो, मला ते मोबाइलवर बघायचंय. एसएसएच, किल्ली हे माझ्याच्याने होणार नाही, आणि स्टोरेजच्या इतर शेतकऱ्यांच्याने तर नाहीच. साधी लिंक मिळेल का?

---

टर्मिनलवाली

दादा, मिळेल. टीटीवायडी नावाचा प्रोग्राम आहे, तो टर्मिनल ब्राउझरमध्ये दाखवतो. मुलाला सांगा: टीटीवायडीच्या आत टीमक्सचा तोच बघण्याचा आदेश चालवायचा. नव्या आवृत्त्यांत टीटीवायडी मुळातच फक्त बघायला देतो, टाइप करू द्यायचं तर मोठा डब्ल्यू मुद्दाम लावावा लागतो. तो लावायचा नाही. जुनी आवृत्ती असेल तर आधी तपासा, तिथे उलटं होतं.

त्याचं मूळ पोर्ट ७६८१. ते उघडं सोडू नका. त्याला फक्त लोकलहोस्टवर ऐकायला लावा, पुढे कॅडी किंवा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवून एचटीटीपीएस आणि पासवर्ड द्या. लिंकच गुप्त आहे म्हणून सुरक्षित, असं धरू नका. लिंक व्हॉट्सअॅपवर पडली की गावभर होते.

तुमच्या कामात बघणं पुरेसं आहे हे बरंच आहे. कॉम्प्रेसर दुरून चालू-बंद करायचा मोह होईल, पण शून्याच्या आसपास ठेवलेल्या मालात ते तिथल्या माणसाच्याच हातात राहू द्या.

---

सिन्नरकर

इथेच विचारतो. मी बघत असताना काही चुकतंय असं दिसलं तर मलाही थांबवता आलं पाहिजे ना? नुसतं बघून काय करू? माझा मोल्ड आहे.

---

टर्मिनलवाली

दादा, तुमची तळमळ कळते, पण यावर मी ठाम आहे. दुरून प्रोग्राम थांबवणं म्हणजे मशीन थांबवणं नव्हे. तुम्ही पाठवणं बंद केलंत तर बफरमध्ये आलेल्या ओळी मशीन पूर्ण करणार, आणि मग टूल जॉबला टेकलेला ठेवून स्पिंडल फिरत राहणार. म्हणजे वर सांगितलेला डाग. खरं थांबवणं पॅनेलवर होतं: फीड होल्ड, टूल वर, किंवा वेळ आली तर लाल बटण. ते शेडमधल्या माणसालाच जमतं, कारण आवाज त्याला ऐकू येतो, चिप कुठे गुंडाळलीय ते त्याला दिसतं.

चालू करण्याचं तर विचारूच नका. आतमध्ये कोणी हात घालून जॉब पुसत असेल हे सिन्नरला कसं दिसणार? आमच्याकडे सायकल स्टार्ट पॅनेलवरूनच, ऑपरेटरच्या बोटाने. पीसी फक्त ओळी तयार ठेवून एक्स-ऑनची वाट बघतो. म्हणून आमच्या भागीदारांचं हत्यार फोन आहे. स्क्रीन बघतात, शंका आली की ऑपरेटरला लावतात.

आणि दोघांना हक्क दिला तर काय होतं तेही सांगते. टीमक्समध्ये दोन्ही कीबोर्डांची अक्षरं एकाच ठिकाणी पडतात. प्रोग्रामने 'पुढे जायचं का' विचारलं, ऑपरेटर विचार करतोय, आणि दुरून कोणी वाय दाबलं, तर वाय कोणाचं हे प्रोग्रामला कळत नाही.

---

सिन्नरकर

पटलं. फोन बरा.

---

देवळाली_लॅब

ग्नू स्क्रीनऐवजी टीमक्स का, ते सांगणार होता. आमच्या लॅबमध्ये अजून स्क्रीनच आहे. मुलं एकमेकांच्या सेशनला जोडून डीबग करतात, शिकवायला फार छान पडतं. एकाच्या हाती कीबोर्ड, बाकीचे बघतात.

---

टर्मिनलवाली

एकाच खात्यावर काम असेल तर स्क्रीनला काही वाईट नाही, छोटा एक्स लावला की दोघं जोडतात. पण वेगवेगळ्या खात्यांवरच्या लोकांना जोडायचं तर स्क्रीनचा मल्टियूजर मोड लागतो, आणि त्यासाठी स्क्रीनचा बायनरी सेट-यूआयडी रूट (कोणीही चालवला तरी सर्वाधिकारी रूट खात्याच्या हक्काने चालणारा) असावा लागतो. एवढा मोठा जुना प्रोग्राम रूटच्या हक्काने चालवणं मला नको वाटतं. टीमक्समध्ये सॉकेटच्या परवानगीवर काम होतं, आणि ३.३ पासून 'सर्व्हर-अॅक्सेस'ने कोणाला आत घ्यायचं, कोणाला फक्त बघायला द्यायचं ते खात्यागणिक सांगता येतं. तुमच्या लॅबला हेच सोयीचं पडेल.

दुसरं कारण छोटं पण रोजचं. भागीदार मोबाइलवरून जोडले की जुन्या टीमक्समध्ये ऑपरेटरची स्क्रीनही मोबाइलएवढी आक्रसायची. ३.२ पासून छोट्या आरने बघणाऱ्याचा आकार धरलाच जात नाही. ऑपरेटरची तक्रार तिथेच संपली.

मुलं घरून जोडणार असतील आणि सर्व्हर भाड्याने घ्यायचा नसेल तर टीमेट बघा. टीमक्सवरूनच निघालेला आहे, लिहायची आणि नुसतं बघायची अशा दोन वेगळ्या जोडण्या देतो. फक्त तो दुसऱ्याच्या सर्व्हरमधून जातो. शिकवायला उत्तम, कारखान्याला नको.

---

पंचवटी_पायथन

मी त्र्यंबकच्या रस्त्याने येता-जाता बसमधून बघतो. घाटात रेंज गेली की एसएसएच गोठतो. मॉशबद्दल ऐकलंय, बोगद्यातून चालवलं तर जोडतच नाही.

---

टर्मिनलवाली

नाही जोडणार. एसएसएचचा बोगदा टीसीपी वाहतो आणि मॉश यूडीपीवर बोलतं, ६०००० ते ६१००० मधल्या एखाद्या पोर्टवर. एसएसएच त्याला फक्त सुरुवातीची ओळख पटवायला लागतं. कीथ विन्स्टाइन आणि एमआयटीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये आणलं, ते नेमकं तुमच्यासारख्यांसाठीच: पत्ता बदलला, रेंज गेली, लॅपटॉप झोपला, तरी जोडणी टिकते. ते प्रत्येक अक्षर रांगेने पाठवण्याऐवजी स्क्रीनची आत्ताची अवस्था पाठवतं, त्यामुळे घाटातून बाहेर आलात की मधलं सगळं न दाखवता थेट चालू ओळीवर येतं. मागे सरकून बघायची सोय त्यात नाही, ती आत टीमक्स असल्यावर मिळते.

तुम्हाला वायरगार्ड (संगणकांमधलं खाजगी नेटवर्क, व्हीपीएन) लावावं लागेल. भाड्याच्या सर्व्हरवर एक टोक, शेडमध्ये एक, मोबाइलवर एक. लिनक्स ५.६ पासून कर्नलमध्येच आहे, वेगळं काही बांधावं लागत नाही. शेडच्या टोकाला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ ठेवा, नाहीतर सीजीनॅट काही वेळाने विसरतो. मग मॉश चालेल, उलट्या बोगद्याचीही गरज उरणार नाही. किल्ल्यांवरचे निर्बंध मात्र तसेच ठेवा. वायरगार्डने माणूस दारापर्यंत येतो, आत काय करायचं ते तुम्हीच ठरवायचं. एक अडचण सांगून ठेवते: सक्तीचा आदेश लावलेल्या किल्लीवर मॉश सरळ चालत नाही, कारण त्याला पलीकडे स्वतःचा सर्व्हर सुरू करायचा असतो. म्हणून मॉश तुमच्यासारख्या पूर्ण हक्काच्या माणसालाच द्या, बघणाऱ्यांना साधं एसएसएच.

---

नेटवर्क_आबा

कोण कधी जोडलं याची नोंद ठेवता का? आमच्याकडे रजिस्टर असायचं.

---

टर्मिनलवाली

ठेवतो, आबा. एसएसएच सर्व्हर प्रत्येक प्रवेशाला कोणती किल्ली वापरली तिचा ठसा जर्नलमध्ये (सिस्टमच्या नोंदवहीत) लिहितो, म्हणून प्रत्येकाला वेगळी किल्ली दिलीय. भागीदारांच्या दोन मोबाइलना दोन किल्ल्या. एक हरवला तर तेवढी ओळ खोडायची. आणि प्रोग्रामच्या स्क्रीनवर जे जे उमटतं ते टीमक्सच्या 'पाइप-पेन'ने फाइलमध्ये जातं. सकाळी जॉबवर काही दिसलं तर कितव्या ओळीला मशीनने काय संदेश दिला ते तिथे सापडतं. पाइप-पेन स्वतः वेळ टाकत नाही, मध्ये टीएस नावाचा छोटा प्रोग्राम लावून प्रत्येक ओळीपुढे वेळ उमटवून घेतो.

---

निफाडचा_द्राक्षवाला

मुलाने कॅडी लावून लिंक करून दिली. पासवर्ड मागते, आकडे दिसतात, दाबलं तर काहीच होत नाही. स्टोरेजमधल्या बाकीच्यांना प्रत्येकी वेगळा पासवर्ड द्यायचा की एकच?

---

टर्मिनलवाली

वेगळा. कॅडीत खात्यागणिक एक ओळ लागते एवढंच. हंगाम संपला की ज्यांचा माल निघाला त्यांच्या ओळी काढून टाकायला सांगा.